निवृत्तीनंतर सहा आठवड्यांत कंपनीची ऑफर, आणि छापून आलेली कार्डं

गोदाकाठ

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, वाचते मात्र बरेच दिवस. लांबलं तर सांभाळून घ्या.

३१ जुलैला मी केंद्रीय जीएसटी खात्यातून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८९ साली इन्स्पेक्टर म्हणून लागले तेव्हा खातं सेंट्रल एक्साइजचं होतं आणि जीपी-१ चा गेटपास फाडल्याशिवाय कारखान्यातून ट्रक बाहेर पडत नसे. पुढे सुपरिंटेंडेंट झाले. शेवटची चार वर्षं एक डिव्हिजन सांभाळलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याच हद्दीतल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचे फायनान्स हेड पेढे घेऊन घरी आले. "मॅडम, तुमचा अनुभव घरी बसून वाया जायला नको." महिना दीड लाख, न्यायला-आणायला गाडी, आठवड्यातून तीन दिवस. काम काय विचारलं तर नोटिसांची उत्तरं बघायची, रिफंडचे क्लेम जाण्याआधी तपासायचे, "आणि डिपार्टमेंटशी जरा को-ऑर्डिनेशन". मी विचार करून सांगते म्हणाले. हो म्हटलं नव्हतं.

आठ दिवसांनी कुरिअरने एक खोका आला. आत दोनशे व्हिजिटिंग कार्डं. माझं नाव बारीक अक्षरात. त्याखाली ठळक, नावापेक्षा मोठं, 'माजी सहायक आयुक्त, केंद्रीय जीएसटी'. मग पद, 'मुख्य सल्लागार'. कंपनीचं नाव तळाशी. एक कार्ड मी देवघरापाशी दिव्याच्या उजेडात नेऊन पाहिलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. ३६ वर्षांच्या नोकरीत मी माझ्या पदाचं कार्ड खिशातून काढून कोणाला दिल्याचं मला आठवत नाही. लोकच यायचे.

आता खरी अडचण. या कंपनीच्या सात रिफंड ऑर्डरींवर माझी सही आहे, सगळ्या शेवटच्या तीन वर्षांतल्या. त्या वेळी कच्च्या मालावर १८ टक्के कर आणि तयार मालावर १२ होता, म्हणून साचलेल्या क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराचा, रिफंड. पाच मंजूर केले. दोनांत मी मोठी रक्कम कापली, कारण त्यांनी जीएसटी नियम ८९(५) च्या सूत्रात इनपुट सर्व्हिसेसचं, म्हणजे घेतलेल्या सेवांवरच्या कराचं क्रेडिटही धरलं होतं आणि ते धरायचं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय. त्या दोन्हींची अपिलं अजून चालू आहेत. म्हणजे माझ्याच ऑर्डरीविरुद्ध मी मुद्दे काढून द्यायचे का?

त्यांच्या कर सल्लागाराचं म्हणणं असं, की जीएसटी कायद्याच्या कलम ११६ मध्ये निवृत्त अधिकाऱ्याला एक वर्ष हजर राहायला मनाई आहे खरी, पण तुम्ही 'निवृत्त अधिकारी' म्हणून नाही, कंपनीच्या 'नियमित कर्मचारी' म्हणून हजर राहाल. त्यामुळे तुम्हाला ती अट लागत नाही. आणि पेन्शनच्या नियमातली परवानगी म्हणजे निव्वळ औपचारिकता.

घरचंही सांगते. यजमानांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. मुलाच्या फ्लॅटच्या कर्जाला मी सहकर्जदार आहे. दीड लाख नकोत असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दोनच प्रश्न. हे नियमात बसतं का? आणि नियमात बसत असलं तरी करावं का? दुसऱ्याचं उत्तर कायद्यात नाही हे कळतं मला. पण ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

चिंचवडचा पाटील

ताई, माझं मत सरळ आहे. घ्या.

माझं अकरा माणसांचं जॉबवर्कचं शेड आहे. तीन सीएनसी. मागे २०१८-१९ ची नोटीस आली, २ए (सप्लायरनी दाखवलेली बिलं) आणि ३बी (माझा रिटर्न) जुळत नाही म्हणून. आकडा वाचून माझ्या पायातलं बळ गेलं होतं. अकाउंट लिहिणारा पोरगा घाबरून दोन दिवस आलाच नाही. ओळखीतून एक रिटायर्ड सुपरिंटेंडेंट मिळाले. दोन संध्याकाळी माझ्या शेडमध्ये स्टुलावर बसले, प्रत्येक सप्लायरचं बिल हातात घेऊन बघितलं. कोणी रिटर्न उशिरा भरला, कोणी चुकीच्या जीएसटी नंबरवर भरला, सगळं एका कागदावर उतरवलं. उत्तर माझ्या नावाने लिहिलं, मी सही केली, मीच नेऊन दिलं. पाच हजार घेतले. ऑफिसात ते एकदाही आले नाहीत, मी म्हटलं तरी आले नाहीत.

नोटीस मिटली. असे लोक आम्हाला मिळाले नाहीत तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? मोठी कंपनी वकील लावते. खात्यातलं ज्ञान खात्यातच निवृत्त झालं तर बाहेरच्याने शिकायचं कोणाकडून? म्हणून म्हणतो, अनुभवाचे पैसे घेण्यात पाप नाही. कार्डाचं मात्र मलाही आवडलं नाही.

हिशेबनीस

गोदाकाठ मॅडम, मी पे अँड अकाउंट्समधून निवृत्त. ३१ वर्षं पेन्शनच्या केसेस केल्या, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर अधिकाराने बोलू शकतो.

तुम्ही गट 'अ' मधून निवृत्त झालात. गट 'अ' च्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत कमर्शियल एम्प्लॉयमेंट घ्यायची तर सरकारची आधी परवानगी लागते. १९७२ च्या पेन्शन नियमांत हा नियम १० होता, २०२१ च्या नव्या नियमांतही ही तरतूद आहे. २००७ पर्यंत मुदत दोन वर्षांची होती, ती निम्मी केली. माझ्या मते ती चूक होती. दोन वर्षांत खात्यातली माणसं बदलतात, बदल्या होतात, तुमच्या हाताखालचा सुपरिंटेंडेंट दुसऱ्या कमिशनरेटला जातो. एका वर्षात तो त्याच टेबलावर बसलेला असतो.

कमर्शियल एम्प्लॉयमेंट म्हणजे काय याची व्याख्या लोक वाचतच नाहीत. कंपनी, सहकारी संस्था, फर्म किंवा एखादी व्यक्ती, जो कोणी व्यापार, उद्योग, वित्त किंवा व्यावसायिक धंदा करतो त्याच्याकडची कोणत्याही स्वरूपाची नोकरी, एजंटसुद्धा. डायरेक्टर होणंही त्यात आलं. सरकारी मालकीच्या कंपन्या तेवढ्या वगळल्यात. नोकरी नको, स्वतंत्र सल्लागार होते म्हणालात, तरी जिथे सरकारी कार्यालयांशी किंवा अधिकाऱ्यांशी लायझन अथवा संपर्क ठेवायचा आहे, ते कामही त्यातच येतं. 'लायझन' हा शब्द नियमात आहे. आपल्याकडे लोक लायझनिंग म्हणजे कुजबुजत बोलायची गोष्ट समजतात, पण नियम लिहिणाऱ्यांना ती पक्की माहीत होती.

तेव्हा तुम्ही नियमित कर्मचारी व्हा नाहीतर सल्लागार, परवानगी लागणारच. विनापरवानगी नोकरी धरली तर पेन्शन पूर्ण किंवा काही भाग, सरकार ठरवेल तितका काळ थांबवता येतं. औपचारिकता म्हणणाऱ्या सल्लागाराचं स्वतःचं काही जात नाही. तुमचं जातं.

आता परवानगी देताना काय बघतात ते नीट वाचा. संवर्ग नियंत्रण करणाऱ्या अधिकाऱ्याचं आणि निवृत्त झालात त्या कार्यालयाचं ना हरकत आहे का. शेवटच्या तीन वर्षांत त्या संस्थेच्या कामाशी थेट निगडित अशी संवेदनशील माहिती तुमच्याकडे आली होती का. हितसंबंधांचा संघर्ष आहे का. सेवेची नोंद स्वच्छ आहे का. आणि शेवटचा निकष मला सर्वांत आवडतो: देऊ केलेला पगार त्या क्षेत्रातल्या चालू दरापेक्षा फार जास्त आहे का. त्या शेवटच्या निकषावर फार कमी लोक अडखळतात, कारण कोणी विचारतच नाही. तुम्ही स्वतःला विचारा. हेच काम येणाऱ्या, पण नावापुढे 'माजी' नसलेल्या माणसाला ही कंपनी किती देईल?

आणखी एक. १९७२ च्या नियमात अर्ज पोचल्यापासून ६० दिवसांत नकार कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरत. हे कलम अर्जदाराच्या सोयीसाठी ठेवलं होतं, अर्ज महिनोन्‌महिने पडून राहू नये म्हणून. पण मी असे अर्ज पाहिलेत ज्यांत कंपनीचं नाव, हुद्दा, पगार सगळं बरोबर, आणि 'या संस्थेशी सेवाकाळात संबंध आला होता का' याच्या पुढे एक ओळ: 'नित्याच्या कामाच्या ओघात'. ६० दिवस जायचे. परवानगी मिळायची. 'नित्याच्या कामाच्या ओघात' म्हणजे तुमच्या बाबतीत सात सह्या आणि दोन अपिलं.

कलम ११६ चं सांगतो. त्यात प्रतिनिधी कोण होऊ शकतो याची यादी आहे: नातेवाईक किंवा नियमित कर्मचारी, वकील, सीए वगैरे, निवृत्त अधिकारी, जीएसटी प्रॅक्टिशनर. निवृत्त अधिकाऱ्याच्या पुढे अट जोडलीय, की असा अधिकारी निवृत्तीपासून एक वर्ष या कायद्याखालच्या कोणत्याही कार्यवाहीत हजर राहू शकणार नाही. कोणत्याही. ती अट अधिकाऱ्याला आहे, त्याने कोणत्या दाराने आत यायचं त्याला नाही. कंपनीत दाखल होऊन तुम्ही निवृत्त अधिकारी असायच्या थांबत नाही. मी वकील नाही, पण हे वाचायला वकील लागत नाही.

सांगलीचा सीए

हिशेबनीसांच्या पगाराच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण मी अशा माणसांची भरती करून देतो. मध्यम कंपनीत, जीएसटीची पक्की जाण असलेला, नोटिशीचं उत्तर स्वतः लिहू शकणारा माणूस आमच्या भागात आठवड्यातून तीन दिवसांसाठी ४० ते ४५ हजारांत मिळतो. तुमच्याकडे थोडे जास्त धरा. दीड लाखातला उरलेला लाख कशाचा, ते कार्डावर ठळक छापलंय.

मॅडम, हे कडू वाटलं तर माफ करा. तुमच्यावर राग नाही. मी टेबलाच्या या बाजूला २२ वर्षं बसलोय, तेवढं सांगतो.

गेल्या वर्षी एका अशिलाच्या पर्सनल हिअरिंगला गेलो होतो. बेदाण्याचे व्यापारी, वय सत्तर, कधी आयुष्यात सरकारी कचेरीत गेले नव्हते. वेळ साडेअकराची. बाहेर लाकडी बाक. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला, बसलो. बाराच्या सुमारास एक गृहस्थ आले. रजिस्टरकडे गेलेच नाहीत. शिपाई उठून उभा राहिला, दार उघडलं. ते आत गेले, दोन मिनिटांनी चहाचा ट्रे आत गेला. माझे अशील मला हळूच म्हणाले, "हे कोण साहेब?" मी म्हटलं, "साहेब नाहीत आता, आपल्यासारखेच दुसऱ्या पार्टीचे आहेत." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग आपण पण तसाच एक बघायचा का?"

आम्हाला आत बोलावलं तेव्हा पाऊण वाजला होता. ऑर्डर आमच्या बाजूनेच आली, अधिकारी सरळ होता. पण त्या म्हाताऱ्या माणसाला मी आजही पटवू शकत नाही, की आपली केस कागदावर जिंकली. त्याला वाटतं नशीब चांगलं होतं. आत चहा पिणाऱ्या माजी साहेबांनी काही गैर केलंच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांनी फक्त चहाच घेतला. तरी बाकावर बसलेल्याचा विश्वास गेला, आणि तो परत आणायला माझ्याकडे कुठलंही कलम नाही.

पाटीलसाहेबांचे ते सुपरिंटेंडेंट मात्र मला फार मोठे वाटले. स्टुलावर बसून काम केलं आणि ऑफिसात पाऊल टाकलं नाही.

रेंजमधला

मी सेवेत आहे, २०१२ ची भरती, त्यामुळे कुठला रेंज, कुठलं डिव्हिजन ते सांगत नाही.

मॅडम, तुम्ही डिव्हिजनला असताना तुमच्या हाताखाली पाच-सहा इन्स्पेक्टर असतील. त्यांतल्या एखाद्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. माझ्या एका जुन्या साहेबांनी मला काम शिकवलं. अक्षरशः हाताला धरून. माझी पहिली शो कॉज नोटीस त्यांनी लाल पेनाने तीनदा परत पाठवली होती. माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रजा शिल्लक नव्हती, तर त्यांनी वर बोलून व्यवस्था केली. त्यांचं ऋण आहे माझ्यावर.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांनी काहीही गैर मागितलं नाही, हे आधी सांगतो. म्हणाले, "अरे, अमुक कंपनीचा रिफंड तुझ्याकडे आलाय ना? डेफिशियन्सी मेमो काढायचा असेल तर काढ, पण काय कमी आहे ते मला आधी सांग, मी पूर्ण करून देतो." बस, एवढंच.

मेमो काढायचाच होता. एक स्टेटमेंट जोडलेलं नव्हतं. नियमाने मेमो काढला असता तर त्यांना नव्याने अर्ज करावा लागला असता. मी मेमो काढला नाही. फोनवर सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट पाठवलं. त्याच आठवड्यात एका लहान एक्सपोर्टरला त्याच कमतरतेसाठी मी मेमो काढला. त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता आणि त्याने केला असता तरी मी उचलला नसता.

पैसे कोणी घेतले नाहीत, दिले नाहीत. पण मी दोन माणसांना दोन वेगळे न्याय लावले आणि ते मला रात्री जेवताना लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन करून म्हटलं, सर, यापुढे कंपनीच्या मेलवरून या. ते नाराज झाले. दिवाळीला फोन आला नाही. मला त्याचं वाईट वाटतं अजून.

हिशेबनीस काकांचा नियम मी वाचला. एक वर्ष मनाई, आणि मोडला तर पेन्शन. पण १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना ते पेन्शनचे नियम लागूच नाहीत, आम्ही एनपीएसवाले, म्हणजे नव्या, बाजाराशी जोडलेल्या पेन्शन योजनेतले. आमच्यातले जे एनपीएसमध्येच राहतील ते निवृत्त होतील तेव्हा थांबवायला सरकारी पेन्शनच नसेल. त्या वेळी हा धाक कशाचा असणार याचा आत्ताच विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मॅडम, नोकरी घ्या किंवा घेऊ नका. फोन मात्र करू नका. तुम्हाला नाही म्हणताना तुमच्या पोरांची काय अवस्था होईल ते मला माहीत आहे.

मेरीलँडकर

मी मूळची साताऱ्याची, इथे अमेरिकेत २३ वर्षं. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत कम्प्लायन्सचं काम करते. हे नियम माझं रोजचं पोट आहे म्हणून लिहिते.

इथे सरसकट एकच मुदत नाही. ज्या विशिष्ट प्रकरणात तुम्ही सरकारी नोकर म्हणून स्वतः आणि ठोस भाग घेतलात, त्या प्रकरणात सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडायला जन्मभराची बंदी आहे. एक वर्ष, दोन वर्षं नाही, ते प्रकरण संपेपर्यंत कधीच नाही. शेवटच्या वर्षात जे तुमच्या अधिकाराखाली होतं पण ज्याला तुमचा हात लागला नाही, त्यासाठी दोन वर्षं. आणि वरिष्ठ पदावर असाल तर स्वतःच्या जुन्या खात्याशी एक वर्ष कोणत्याच विषयावर संपर्क नाही. आमच्याकडे नवा माणूस येतो तेव्हा त्याच्या जुन्या कार्यालयाच्या एथिक्स अधिकाऱ्याचं पत्र आम्ही मागतो, त्यात कशाला हात लावायचा नाही ते लिहिलेलं असतं.

हे सगळं असूनही चुका होतातच. डार्लीन ड्रुयन या हवाई दलाच्या खरेदीतल्या फार वरच्या अधिकारी. बोइंगकडून इंधन भरणारी टँकर विमानं घेण्याची बोलणी त्यांच्याकडे होती, आणि त्याच काळात बोइंगमधल्या स्वतःच्या नोकरीची बोलणीही चालू होती. सुरुवात त्यांच्या मुलीमार्फत झाली, ती बोइंगमध्येच होती. २००३ च्या जानेवारीत त्या बोइंगमध्ये रुजू झाल्या, वर्ष संपायच्या आत नोकरी गेली, २००४ मध्ये नऊ महिन्यांची कैद झाली. ज्यांनी नोकरी दिली त्या मुख्य वित्त अधिकाऱ्यालाही चार महिने. कंपनीने २००६ मध्ये ६१.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

तुमची गोष्ट त्या जातीची अजिबात नाही, ताई. तुम्ही सह्या केल्या तेव्हा नोकरीचा विषयही नव्हता, आणि तुम्ही तर त्यांची रक्कम कापलीत. पण मला इथला जन्मभराच्या बंदीचा भाग तुम्हाला सांगायचा होता. भारतातला नियम दिनदर्शिका बघतो: वर्ष झालं, संपलं. प्रकरण बघत नाही. पुढच्या १ ऑगस्टला तुम्ही त्या दोन अपिलांत उभ्या राहिलात तर तुम्हाला परवानगीही लागणार नाही. म्हणून ती रेघ तुम्हालाच ओढावी लागेल, आणि ती लेखी ओढा. तोंडी ओढलेली रेघ पहिल्या कठीण महिन्यात पुसली जाते, मी पाहिलंय.

न्यायाधीशांसाठी आपल्याच राज्यघटनेत हे आहे. हायकोर्टाचे कायम न्यायाधीश निवृत्तीनंतर सुप्रीम कोर्ट आणि दुसरी हायकोर्टं सोडून कुठेही वकिली करू शकत नाहीत. जिथे बसून न्याय दिला तिथे उभं राहून बाजू मांडायची नाही. अनुच्छेद २२०. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. पाच दिवस उत्तर दिलं नाही कारण काही गोष्टी करून मग लिहायचं होतं.

रेंजमधला, तुमचं वाचून मी उठून गच्चीवर गेले. माझ्या हाताखालच्या एका मुलीला मी फोन करणारच होते. कामासाठी नाही, सहज. तिच्या बाळाच्या बारशाला जायचं राहिलं होतं. आणि लक्षात आलं, की ही नोकरी धरली तर माझा 'सहज' फोन तिच्यासाठी सहज राहणार नाही. ती दोन सेकंद थांबेल आणि मग "बोला मॅडम" म्हणेल. त्या दोन सेकंदांनी मला फार अस्वस्थ केलं. तुमच्या साहेबांना पुन्हा एकदा फोन करा. दिवाळीचा. तुमचं चुकलेलं नाही आणि त्यांना ते आतून माहीत असणार.

मेरीलँडकर, तुमच्या सांगण्याप्रमाणे लेखी केलं. कंपनीला मेल पाठवला. त्यात लिहिलं: मी खात्याच्या कोणत्याही कार्यालयात जाणार नाही, खात्यातल्या कोणालाही कंपनीच्या कामासाठी फोन, मेसेज, मेल करणार नाही, वर्षानंतरही नाही. मी सही केलेल्या सात रिफंडांच्या आणि त्यांच्या दोन अपिलांच्या कामाला कधीही हात लावणार नाही. कार्डावर 'माजी' काही राहणार नाही. तुमच्या अकाउंट्समधल्या चार मुलांना शिकवीन, क्लेम जाण्याआधी तपासीन, नोटिशींची उत्तरं लिहीन. या अटींवर नेमणुकीचं नवीन पत्र द्या, ते घेऊन मी सरकारकडे परवानगी मागते.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फायनान्स हेडचा फोन. आवाज नेहमीसारखाच गोड. "मॅडम, काहीच हरकत नाही. फक्त मग मॅनेजमेंटला पॅकेज रिव्हाइज करावं लागेल." काल पत्र आलं. ४२ हजार. गाडी नाही.

सांगलीकर, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला.

मी पत्र यजमानांना दाखवलं. ते चष्मा लावून दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघत होते, आधीचं आणि आताचं. म्हणाले, "म्हणजे तुझ्या कामाचे ४२ आणि फोनचे एक लाख आठ." मुलाला रात्री सांगितलं. हप्त्याचा जास्तीचा भार तो उचलणार आहे, मुदत तीन वर्षांनी वाढवून. तो थोडा नाराज होता, खोटं कशाला सांगू. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही झोपा आता शांत."

माझ्याच दोन ऑर्डरींचा वाद चालू आहे त्या कंपनीत ४२ हजारांवर तरी जावं का, हे माझं अजून ठरत नाहीये. पण ठरवायचा अधिकार माझ्या एकटीचा नाही असं मला वाटायला लागलंय. खात्याने बघावं, पूर्ण कागद समोर ठेवून. नाही म्हणाले तर नाही. पाटीलसाहेब, नाही म्हणालेच तर तुमच्यासारख्या लहान शेडवाल्यांसाठी माझ्या घरी एक जास्तीचं स्टूल आहे. तेही वर्ष संपल्यावर, किंवा परवानगी घेऊन.

खोका परत पाठवला. १९९ कार्डं. एक ठेवलंय.

हिशेबनीस काका, एक विचारायचं राहिलं. अर्ज सोमवारी टपालात टाकते. सात रिफंड ऑर्डरींचे नंबर, तारखा आणि दोन अपिलांचे नंबर काढून ठेवलेत. ते अर्जातच लिहू, की वेगळ्या पानावर जोडपत्र म्हणून देऊ? आणि ते कार्ड जोडलं तर चालेल का?

हिशेबनीस

अर्जातच लिहा, पहिल्या पानावर. जोडपत्रं सुटी होतात.

कार्ड पिन करू नका, टाचणी गंजते. पाकिटात घालून पाकीट डिंकाने चिकटवा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा: 'सोबत, कंपनीने माझ्या संमतीशिवाय छापलेलं कार्ड, एक.' पोचपावती जपून ठेवा, मुदत त्या तारखेपासून मोजतात. अर्जाची एक प्रत निवृत्त झालात त्या कार्यालयालाही पाठवा, म्हणजे ना हरकत देणाऱ्याला सातही नंबर दिसतील.